रवी घेण्याआधी ग्लास मोजा: लस्सी, ताक आणि कोल्ड कॉफीच्या धंद्याचं खरं गणित



फेब्रुवारी संपत आला की एक प्रश्न हमखास येतो: "सर, उन्हाळ्यात लस्सी-कोल्ड कॉफीचं काउंटर टाकायचंय. मशीन कुठलं घेऊ?" मग पुढे वॉट किती, कंपनी कुठली, ऑनलाइन घेऊ का दुकानातून, अशी चर्चा रंगते. पण दिवसाला किती ग्लास जातील, एका ग्लासला खर्च किती, गर्दी कुठल्या तासाला होईल, हे विचारलं की समोरचा गप्प.

मशीन हा या धंद्यातला सगळ्यात सोपा निर्णय आहे. तो शेवटी घ्यायचा. आज आपण उलट्या बाजूने जाऊया. आधी गिऱ्हाईक, मग ग्लास, मग फेस आणि मग मशीन. वही-पेन घेऊन बसा.

गाव बघा, गिऱ्हाईक ओळखा

उदाहरणासाठी कागल तालुक्यातलं मुरगूड घेऊ. वेदगंगेच्या काठावरचं, निपाणी–मुदाळतिट्टा रस्त्यावरचं नगरपरिषदेचं गाव. कॉलेज आहे, एसटी स्टँड आहे, आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं कामाला आणि खरेदीला येतात. एका बाजूला हमीदवाड्याचा साखर कारखाना, दुसऱ्या बाजूला बिद्रीचा. याच रस्त्याने पुढे बाळूमामांचं आदमापूर, तिथे अमावास्येला कर्नाटकातूनसुद्धा भाविकांची रीघ लागते.

आता नीट बघा, इथे गिऱ्हाइकाचे दोन प्रकार झाले. पहिला रोजचा: कॉलेजची पोरं, दुकानदार, बँकेतले कर्मचारी, स्टँडवरचे ड्रायव्हर-कंडक्टर. हे आज आले तर उद्याही येतील, नाराज झाले तर चार जणांना सांगतील. दुसरा वाटेवरचा: देवदर्शनाला जाणारी गाडी, एकदाच थांबणार. मोठ्या शहरात वाटेवरच्या गिऱ्हाइकावर धंदा चालून जातो. लहान गावात पोट भरतं ते रोजच्या गिऱ्हाइकावर.

आणि हे गिऱ्हाईक दुधातलं अडाणी नाही. कोल्हापूर जिल्ह्याचा 'गोकुळ' दूध संघ १९६३ सालचा. तेव्हापासून गावोगावच्या दूध संस्थांत लोक सकाळ-संध्याकाळ दूध घालतात, फॅट किती लागली यावर बिल घेतात. कोल्हापुरात तर कट्ट्यावर म्हैस उभी करून, डोळ्यासमोर धार काढून दूध प्यायची पद्धत आहे. अशा माणसाला पातळ दुधाची कोल्ड कॉफी देऊन बघा. पहिल्या घोटाला कळेल. तो काही बोलणार नाही, फक्त परत येणार नाही.

एका ग्लासचा हिशोब

समजा, स्टँडजवळ एक छोटा गाळा मिळतोय आणि तुम्ही २५० मिलीच्या ग्लासात कोल्ड कॉफी ४० रुपयांना विकणार आहात. खालचे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या गल्लीतले भाव घालून पुन्हा मांडा.

- दूध १८० मिली (लिटर ६० रुपये धरून): १०.८०
- इन्स्टंट कॉफी २ ग्रॅम: ५.००
- साखर २० ग्रॅम (किलो ४५ रुपये धरून): ०.९०
- बर्फ: १.००
- कागदी ग्लास: २.००
- वीज: ०.१२
- सांडलवंड, नासलेलं दूध: १.००

बेरीज २०.८२, म्हणजे २१ रुपये धरा. ग्लासमागे हातात राहिले १९.

विजेचा आकडा बघून बरेच जण दचकतात, म्हणून तो फोडून सांगतो. ९०० वॉटचं मशीन ४० सेकंद चाललं तर १० वॉट-तास वीज लागते. म्हणजे १०० ग्लासला एक युनिट. युनिटला १२ रुपये धरले तरी ग्लासला १२ पैसे. मिक्सरपेक्षा चोवीस तास चालणारा फ्रीज जास्त वीज खातो. तेव्हा "कमी वॉटचं घेतो, बिल वाचेल" हा विचार या धंद्यात सोडून द्या.

आता महिन्याचा बांधील खर्च. गाळ्याचं भाडं ४,०००, फ्रीजची वीज आणि पाणी १,०००, कर्जाचा हप्ता २,०००, दुरुस्ती ५०० आणि तुमचा स्वतःचा पगार १२,०००. एकूण १९,५००. हो, स्वतःचा पगार लिहायचाच. तो लिहिला नाही तर तुम्ही फुकट राबताय हे सहा महिन्यांनी कळतं.

१९,५०० भागिले १९ केलं तर महिन्याला १,०२६ ग्लास होतात. महिन्यात २६ दिवस उघडं ठेवलं तर रोजचे ४० ग्लास. हा तुमचा काठावरचा आकडा. चाळिसाव्या ग्लासपर्यंत खर्च निघतो, एक्केचाळिसाव्यापासून कमाई सुरू.

फेस कशाने येतो?

आता आपल्या विषयाच्या मुळाशी येऊ. फेस म्हणजे दुधात पकडलेली हवा. रवी किंवा मशीन दुधात हवेचे बुडबुडे ओढून घेतं आणि दुधातली प्रथिनं त्या बुडबुड्यांभोवती पातळ कातडीसारखी बसतात. ती कातडी टिकली की फेस टिकतो.

यातून तीन कामाच्या गोष्टी निघतात.

१. दूध एकदम थंड हवं. फ्रीजमधून काढलेल्या दुधाला छान फेस येतो. तेच दूध बाहेर ठेवून कोमट झालं की त्यातली चरबी अर्धी घट्ट, अर्धी पातळ होते आणि बुडबुडे फोडते. मशीन तेच, माणूस तोच, पण दुपारी फेस येत नाही असं झालं तर आधी दुधाचं तापमान बघा.

२. फॅट कमी असेल तर फेस जास्त, फॅट जास्त असेल तर चव जास्त. टोन्ड दुधात ३ टक्के फॅट असते, फुल क्रीममध्ये ६. टोन्डचा फेस उंच उभा राहतो, फुल क्रीमचा कमी पण दाट. तुमचं गिऱ्हाईक कुठल्या चवीचं आहे त्यावर ठरवा. दोन्ही दुधाचे दहा-दहा ग्लास करून घरच्यांना, शेजाऱ्यांना पाजा, मग बोला.

३. दह्याचं वेगळं असतं. म्हशीच्या दह्याची लस्सी जोरात आणि जास्त वेळ फिरवली की लोणी सुटतं आणि वर गोळे तरंगतात. आपल्या आज्या रवीने लोणी याच तत्त्वावर काढायच्या. ताकाला ते हवंच असतं, लस्सीला नको. म्हणून लस्सीला कमी वेग, कमी वेळ.

फेस विका, हवा विकू नका

मशीन चांगलं असलं की एक मोह होतो. १८० ऐवजी १३० मिली दूध घ्यायचं, जोरात फिरवायचं, ग्लास काठोकाठ भरलेला दिसतो. ५० मिली दूध वाचलं, म्हणजे ग्लासमागे ३ रुपये. चाळीस ग्लासला दिवसाचे १२० रुपये. ऐकायला बरं वाटतं.

आता दुसरी बाजू मांडू. आधी ४० ग्लासवर रोजचे १९ गुणिले ४०, म्हणजे ७६० रुपये सुटत होते. हवा भरल्यावर ग्लासमागे २२ सुटतात. पण रोजची सहा गिऱ्हाइकं तुटली आणि ३४ ग्लास राहिले, तर ३४ गुणिले २२ म्हणजे ७४८. आधीपेक्षा १२ रुपये कमी! फक्त सहा माणसं. कॉलेजच्या एका घोळक्यात याहून जास्त पोरं असतात.

शिवाय तुटलेलं गिऱ्हाईक परत आणायला जाहिरात, ऑफर, बोर्ड असा जो खर्च येतो, तो या हिशोबात धरलेलाच नाही.

म्हणून नियम एकच: आधी माप, मग फेस. दुधाचं माप ठरलेल्या भांड्याने घ्या, अंदाजाने ओतू नका. ग्लास तयार झाला की एक स्वतःच्या टेबलावर पाच मिनिटं ठेवा. फेस बसल्यावर जे उरतं, ते तुम्ही विकताय. ते बघून तुम्ही स्वतः ४० रुपये द्याल का? उत्तर 'हो' असेल तर भाव बरोबर आहे.

आणि भाव कमी पडत असेल तर सरळ वाढवा. ४० चे ४५ करा आणि बोर्डावर लिहा. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही.

गर्दीचा तास मोजा

रोजचे ४० ग्लास म्हणजे तासाला चार-पाच, असं धरू नका. कॉलेज सुटल्यावर वीस मिनिटांत पंधरा पोरं येतील आणि दुपारी दोन ते चार माशा मारायची वेळ येईल.

मशीन ४० सेकंद चालतं, पण दूध ओतणं, बर्फ टाकणं, जार धुणं, पैसे घेणं धरून एका माणसाला एका ग्लासला दोन मिनिटं लागतात. वीस मिनिटांत दहा ग्लास. पाच पोरं बघून निघून गेली. पाच गुणिले १९ म्हणजे ९५ रुपये रोज, महिन्याला जवळजवळ अडीच हजार. हा तोटा वहीत कुठेच दिसत नाही, कारण न आलेल्या पैशाची पावती नसते.

उपाय लगेच दुसरं मशीन नाही. आधी हे करा:

- साखरेचा पाक आणि कॉफीचं घट्ट मिश्रण सकाळीच करून थंड ठेवा. विरघळवायचा वेळ वाचतो.
- एकाच मशीनला बसणारा दुसरा जार घ्या. एक फिरतोय तोवर दुसरा भरायचा.
- गर्दीच्या वेळी जारमध्ये बसतील तेवढे दोन-तीन ग्लास एकदम करा.
- पैसे घ्यायला क्यूआर कोड समोर चिकटवा, ओले हात खिशात जायला नकोत.

एवढं करूनही रांग तुटली नाही, तरच दुसरं मशीन.

यावरून एक जगप्रसिद्ध गोष्ट सांगतो. अमेरिकेत रे क्रॉक नावाचे सेल्समन मिल्कशेकची मशीनं विकत फिरायचे. त्या मशीनला 'मल्टिमिक्सर' म्हणत, एकावेळी पाच शेक फिरवणारं. १९५४ साली त्यांना कळलं की कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो गावात एकाच हॉटेलात अशी आठ मशीनं आहेत. म्हणजे एकदम चाळीस शेक! असं काय चाललंय तिथे, हे बघायला क्रॉक स्वतः गेले. ते हॉटेल मॅकडोनाल्ड बंधूंचं होतं. पुढच्याच वर्षी क्रॉकनी इलिनॉयमध्ये त्याच नावाची शाखा उघडली आणि पुढचं सगळ्या जगाला माहीत आहे.

यातलं आपल्या कामाचं काय? त्या भावांनी आठ मशीनं घेतली म्हणून गर्दी झाली नव्हती. पदार्थ मोजके, काम वाटून दिलेलं, ग्लास पटकन हातात. गर्दी आधी आली, मशीनं तिच्यामागून आली. आपण बहुतेक वेळा उलटं करतो.

आता मशीन निवडू

बाजारात पाच प्रकार दिसतात. कुठलंच वाईट नाही, फक्त प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

१. लाकडी रवी. मठ्ठा, ताक, लग्नाच्या पंगती. वीज गेली तरी चालते. ताकाच्या काउंटरवर माठ आणि रवी समोर दिसली की गिऱ्हाइकाला घरची आठवण येते, त्याचीही किंमत असते. रोज धुवून उन्हात वाळवावी लागते, नाहीतर वास धरते.

२. बॅटरीवरचा छोटा फ्रॉथर. टोकाला स्प्रिंगची चकती असते. दूध-कॉफीवर फेस आणायला झकास. बर्फ, फळ, दही याला झेपत नाही. घरी नमुने करून बघायला आणि गरम कॉफीला घ्या.

३. इलेक्ट्रिक रवी किंवा हँड ब्लेंडर. थेट भांड्यात घालून फिरवता येतो, जार धुवायची कटकट नाही. पण घरगुती मॉडेल सलग चालवायचं नसतं, थोडा वेळ चालवून विश्रांती द्यावी लागते. दिवसाला दहा-पंधरा ग्लास असतील तर ठीक.

४. मिल्कशेक मशीन. वरून खाली येणारी दांडी आणि स्टीलचा उंच ग्लास. पातं कापत नाही, घुसळतं. कोल्ड कॉफी, लस्सी, शेक यांना उत्तम. फळं मात्र यात वाटली जात नाहीत.

५. ज्यूस सेंटरवाला जाड मोटरचा मिक्सर. फळं, बर्फ, दूध सगळं चालतं. आंबा-चिकूचा शेक ठेवणार असाल तर याला पर्याय नाही. आवाज मोठा, आणि दह्याला वेग जास्त होतो.

आता तुमच्या वहीतला ग्लासचा आकडा आणि पदार्थांची यादी समोर ठेवा. फक्त ताक-लस्सी असेल तर एक उत्तर, शेक असतील तर दुसरं. सुरुवातीला पदार्थ तीनच ठेवा. बारा पदार्थांचा बोर्ड लावला की बारा प्रकारचा माल पडून नासतो.

मशीनची प्लेट वाचायला शिका

मशीनच्या बुडाशी एक छोटी पट्टी असते. सगळे जण वॉट बघतात आणि खाली ठेवतात. त्याहून महत्त्वाचा आकडा म्हणजे सलग किती वेळ चालवायचं. घरगुती मिक्सरवर 'इतकी मिनिटं चालू, इतकी मिनिटं बंद' असं लिहिलेलं असतं. दुकानाच्या कामाचं मशीन तासभर किंवा त्याहून जास्त सलग चालेल असं सांगून विकलं जातं. गर्दीच्या तासाला तुमचं मशीन एकूण किती मिनिटं फिरणार आहे, ते काढा आणि पट्टीशी ताडून बघा.

यामागे एक भारतीय उद्योजकाची गोष्ट आहे. १९६० च्या दशकात आपल्याकडच्या घरांत परदेशी मिक्सर होते, पण ते तिकडच्या हलक्या कामासाठी बनवलेले. आपली चटणी, ओलं खोबरं, भिजवलेली डाळ वाटताना मोटर जळायची. सीमेन्समध्ये काम केलेले इंजिनिअर सत्यप्रकाश माथूर यांच्या घरचा मिक्सरही असाच जळाला. त्यांनी आपल्या स्वयंपाकघराला झेपेल अशी दणकट मोटर बसवून मिक्सर बनवला. तोच 'सुमीत'. पुढे कितीतरी वर्षं लोक मिक्सरलाच 'सुमीत' म्हणायचे. गोष्ट एवढीच: काम किती आणि कसं आहे ते ओळखून मोटर निवडा.

घेताना दुकानदाराला हे पाच प्रश्न विचारा:

- कार्बन ब्रश आणि कपलर इथे मिळतात का, आणि कितीला? हे दोन भाग झिजणारच, एकेक जोडी घरात हवी.
- दुकानाच्या वापराला वॉरंटी लागू आहे का? घरगुती मशीन धंद्यात वापरलं तर बऱ्याच कंपन्या वॉरंटी देत नाहीत.
- सर्व्हिस सेंटर कुठे? कोल्हापूर, निपाणी की थेट पुणे?
- जार सुटा मिळतो का?
- मशीन इथे चालवून दाखवाल का, बर्फ घालून?

मोटर जळली तर रिवाइंडिंग करणारे आपल्याकडे आहेत. कोल्हापूर हा ओतकाम आणि इंजिनिअरिंगचा जिल्हा आहे. पण एप्रिल महिन्यात चार दिवस काउंटर बंद राहिलं तर ते नुकसान रिवाइंडिंगच्या बिलापेक्षा मोठं असतं. म्हणून जुनी लाकडी रवी टाकून देऊ नका, तो तुमचा जनरेटर समजा.

बर्फ, धुणं आणि कागदपत्रं

बर्फ खाण्याचाच घ्या. २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने अखाद्य बर्फात निळा रंग टाकणं बंधनकारक केलं. पांढरा दिसला म्हणून विश्वास ठेवू नका, कारखान्याचा परवाना आणि बिल मागा.

दांडी, पातं आणि जारच्या बुडातली रबरी रिंग या तीन जागी दुधाचा थर साचतो आणि दुपारपर्यंत आंबतो. गर्दी संपली की गरम पाण्याने धुवा, रात्री रिंग काढून धुवा. धुताना प्लग काढलेला हवा. तीन पिनांचा प्लग, नीट अर्थिंग आणि ओल्या हाताने स्विच न लावणं, यात तडजोड नाही.

खाद्यपदार्थ विकायचे तर एफएसएसएआय नोंदणी लागते. २०११ च्या नियमावलीत वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांसाठी साधी नोंदणी ठेवली गेली. अर्ज फॉसकॉस पोर्टलवर होतो, तिथे चालू नियम आणि शुल्क बघून मगच पैसे भरा. जागेबद्दल नगरपरिषदेत आधी विचारा, गाडा लावून मग नाही. भांडवल कमी पडत असेल तर मुद्रा योजनेतल्या 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. पण हप्ता वरच्या हिशोबात बसतो का, ते बघूनच सही करा.

पावसाळ्याचं काय?

हा प्रश्न मार्चमध्ये कुणी विचारत नाही आणि जुलैत सगळे विचारतात. आपल्याकडे जून-जुलैत पाऊस लागला की लस्सी कोण पिणार? भाडं मात्र बाराही महिने. म्हणून पहिल्या दिवसापासून एक गरम पदार्थ ठेवा: फेसाळ कॉफी किंवा हळदीचं दूध. गरम दुधाला फेस साधारण ६० ते ६५ अंशांना चांगला येतो. उकळी फुटलेल्या दुधावर फ्रॉथर फिरवू नका, फेस टिकत नाही आणि चवही करपट येते. पुढे कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की ऊस वाहतुकीची वर्दळ वाढते, थंडीही असते. तेव्हा गरम ग्लासच चालतो.

वर्षाचा हिशोब करताना चार महिने चांगले, चार मध्यम आणि चार मंदीचे धरा. चांगल्या महिन्यांत रोज ४० च्या वर जे ग्लास जातील, त्यातला पैसा पावसाळ्याच्या भाड्यासाठी बाजूला काढा.

या आठवड्याचा गृहपाठ

१. जिथे काउंटर टाकायचंय तिथे तीन दिवस, वेगवेगळ्या वेळी एकेक तास उभे राहा. किती माणसं थांबतात, किती जण थंड पेय घेतात, वहीत लिहा.

२. तुमच्या भावाने एका ग्लासचा खर्च काढा. स्वतःचा पगार धरून रोजचा काठावरचा आकडा काढा.

३. घरच्याच रवीने किंवा मिक्सरने वीस ग्लास करा. माप एकच ठेवा. ओळखीच्यांना पैसे घेऊन द्या. फुकट दिलं की सगळे "छान" म्हणतात.

४. दुसऱ्या दिवशी त्यातले किती जण "आज नाही का केलंस?" म्हणून विचारतात, ते मोजा.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर वीसपैकी सात-आठ आलं तर मशीनच्या दुकानात जा. एक-दोन आलं तर पैसे बँकेत राहू द्या आणि आधी चव दुरुस्त करा. मशीन पुढच्या महिन्यातही मिळेल.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोवर वही भरून ठेवा!